आंसाचा नट आणि घट्टपणाचें माप

आपल्या शेतकरी वर्गांत मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. बैलजोडी, नांगर व विहिरीवरील मोटार यांच्याच पंक्तींत ती जाऊन बसली आहे. पहांटे दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोंचवावयाचे, दुपारीं खताची गोणी आणावयाची, सायंकाळीं फवारणीचा पंप मळ्यांतून घरीं न्यावयाचा, आणि रात्रीं-अपरात्रीं घरांतील आजारी माणसास दवाखान्यांत पोंचवावयाचें, हीं सर्व कामें तिच्यावर पडलीं आहेत. बैल लंगडूं लागला तर आपण तत्काळ त्याचा खूर उचलून पाहतों. परंतु या लोखंडी जनावराच्या चाकाकडे तें अडल्यावांचून आपलें लक्ष जात नाहीं. म्हणून त्या चाकाच्या एका लहानशा भागाविषयीं, म्हणजे मागील आंसावरील नटाविषयीं, चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय क्षुल्लक दिसेल. पण त्याच्या पोटीं जी खोड दडलेली आहे ती क्षुल्लक नाहीं.

चाकाची ट्यूब बदलावयाची असो, ब्रेकचे शू घालावयाचे असोत, कीं सांखळीचा ताण नीट करावयाचा असो, प्रत्येक वेळीं प्रथम हा नट सैल करावा लागतो. आणि आजकाल अनुभव असा येतो कीं, नेमक्या याच ठिकाणीं काम अडून बसतें. पाना लावावा तर नट हालत नाहीं. जोर करावा तर पाना घसरून बोटांचीं सालटें निघतात. आणखी जोर करावा तर नटाचे कोपरे गोल होऊन जातात. मग छिन्नी-हातोडा येतो. पांच मिनिटांचें काम दोन तासांचें होतें, आणि अखेरीस नटाबरोबर आंसहि नवा घ्यावा लागतो. गंजानें धरलेला नट आपण दैवाचा म्हणून सोसूं. परंतु आमच्या पाहण्यांत जे नट आले त्यांतील बरेचसे गंजानें नव्हे, तर माणसाच्या अतिरेकी बळानें धरलेले होते. मागच्या खेपेस ज्यानें चाक बसविलें त्यानें पान्यास लांब पाईप लावून, किंवा हवेच्या गनेनें, मनसोक्त आवळून ठेविलें, एवढेंच त्याचें कारण.

असें कां होतें? कारण आपल्या लोकांची एक दृढ समजूत आहे कीं, जितकें घट्ट तितकें बरें. आमचें या लेखांतील सर्व म्हणणें या समजुतीविरुद्ध आहे. घट्टपणा हा गुण खरा, पण तो मापांत असेल तोंपर्यंतच. बैलाच्या गळ्यांतील जोतें सैल असेल तर जूं निसटेल हें जसें खरें, तसेंच तें फार आवळलें तर जनावराचा श्वास कोंडेल हेंहि खरें. तेथें आपण दोन बोटें घालून अंतर पाहतों. नटाच्या बाबतींत मात्र ही बुद्धि कोठें जाते, हें आम्हांस कळत नाहीं.

नट आवळतांना प्रत्यक्ष घडतें काय, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. आंस हा एक लांब बोल्टच होय. नट फिरूं लागला म्हणजे आंस किंचित ताणला जातो, आणि ताणलेला आंस स्प्रिंगेप्रमाणें परत आंखडूं पाहतो. या आंखडण्याच्या ओढीनेंच गाडीच्या दोन्ही बाजूंचे दांडे, मधल्या नळ्या व बेअरिंगांच्या आंतील कड्या एकमेकींवर दाबून धरल्या जातात. म्हणजे चाक जाग्यावर धरतो तो नट नसून आंसाचा ताण होय. लोखंड ठराविक मर्यादेपर्यंतच ताण सोसून पूर्ववत् होतें. ती मर्यादा ओलांडली कीं, तें कायमचें लांबतें, आट्यांचा आकार बिघडतो, आणि नट व आंस एकमेकांत रुतून बसतात. अशा आंसावर नट वरून कितीहि घट्ट दिसला, तरी त्याच्या अंगीं पूर्वीचें बळ राहिलेलें नसतें. घट्ट करतां करतां आपण त्यास दुबळा करून ठेवितों.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाहीं. चाकाच्या आंत दोन बेअरिंगांच्या मध्यें एक नळी असते. तिचें काम दोन्ही बेअरिंगांच्या आंतील कड्यांमध्यें नेमकें अंतर राखण्याचें. बेसुमार दाबानें ती नळी चेपली कीं, बेअरिंगांवर बाजूचा भार येतो. तीं तापतात, आवाज करूं लागतात व अकालीं निकामी होतात. चाक जड फिरतें, पेट्रोल अधिक जातें, आणि मालक म्हणतो, "बेअरिंगच हलक्या प्रतीचें होतें." दोष बेअरिंगाचा नसतो, तो पाईप लावणाऱ्याच्या हाताचा असतो.

आतां थोडा हिशेब करूं. फिरविण्याचें बळ, ज्यास मेकॅनिक लोक टॉर्क म्हणतात, तें दोन गोष्टींवर अवलंबून असतें: हाताचा जोर किती आणि पान्याची लांबी किती. पाव मीटर लांबीच्या पान्यावर २० किलोचा जोर दिला, तर नटावर ५ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारें ४९ न्यूटन-मीटर बळ पडतें. आपल्याकडे नित्य वापरांत असलेल्या गाड्यांच्या मागील आंसास लागणारें बळ सामान्यतः ५० ते १०० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतें. नेमका आंकडा प्रत्येक गाडीचा निराळा असून तो तिच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत दिलेला असतो. आतां ६० किलो वजनाचा गडी एक मीटर लांबीच्या पाईपाच्या टोंकावर उभा राहिला, तर नटावर ६० किलोग्रॅम-मीटर, म्हणजे जवळजवळ ५९० न्यूटन-मीटर बळ येतें. जेथें शंभर पुरे तेथें सहाशें! चिमूटभर मिठाच्या जागीं मूठभर मीठ घालणाऱ्या स्वयंपाक्यास आपण दुसऱ्या दिवशीं कामावर ठेवणार नाहीं. पण अशा मेकॅनिकाची मात्र "हात फार घट्ट आहे" म्हणून गांवभर वाहवा होते.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. गाडीबरोबर मिळणारा पाना आंखूड असतो. समजा, वीतभर, म्हणजे सुमारें २० सेंटिमीटर. नट ६ किलोग्रॅम-मीटर बळानें आवळला असेल, तर त्या पान्याच्या टोंकावर ३० किलोच्या आसपास जोर दिला कीं तो सुटूं लागेल. हें काम घरांतील बाईमाणूस किंवा वयस्क मनुष्यहि पायानें दाबून करूं शकेल. पण तोच नट २० किलोग्रॅम-मीटरनें आवळला असेल, तर १०० किलोचा जोर हवा. तो आणावा कोठून? आवळणारा आपलें काम संपवून, पैसे घेऊन मोकळा होतो. सोडविणारा मात्र पुढें केव्हां तरी भर पावसांत, आडरस्त्यावर, अंधारांत एकटा असतो. मागें आजारी मूल असतें, किंवा दूध नासावयाच्या बेतांत असतें. नटावर चढविलेलें जास्तीचें बळ म्हणजे पुढच्या माणसाच्या नांवावर काढलेलें कर्ज होय, आणि त्यास त्याची खबरहि नसते.

महसूल खात्याच्या कचेरींत आमचें आयुष्य गेलें. बांधाचे तंटे आम्हीं पुष्कळ पाहिले. जेथें माप नव्हतें तेथें ज्याच्या हातीं काठी त्याचा बांध सरके. मोजणीची सांखळी शिवारांत आली तेव्हांच दुबळ्यास आपली हद्द मागतां येऊं लागली. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे १ गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे १ एकर, हें एकदां ठरलें कीं पाटलाची जमीन असो वा गरीब कुळाची, गुंठा तोच. माप हें बळवंताच्या हातास लगाम घालतें व दुबळ्याच्या हातास आधार देतें. नटासहि नेमकें हेंच लागू आहे. नट आवळण्यासाठींहि माप दाखविणारा पाना फार पूर्वींच निघालेला आहे. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यांतील कॉनरॅड बार या गृहस्थानें १९१८ मध्यें तो योजिला असें सांगतात. आणि त्याचें निमित्तहि ध्यानांत घेण्याजोगें आहे. जमिनीखालील नळांच्या जोडांवरील बोल्ट कामगार प्रमाणाबाहेर आवळीत, त्यास आळा घालण्याकरितां ही युक्ति निघाली. म्हणजे हें हत्यार जन्मास आलें तें सैलपणाच्या भीतीनें नव्हे, तर अति घट्टपणाच्या अनुभवानें.

परंतु ज्याचा नट आजच अडकला आहे त्यास हा उपदेश काय कामाचा? म्हणून तो सोडविण्याची रीत येथें क्रमानें देतों. पहिली गोष्ट, नट नीट निरखून पाहावा. कित्येक गाड्यांत नटाच्या खांचेंतून व आंसाच्या भोंकांतून एक दुमडलेली तार-पिन घातलेली असते, तिला स्प्लिट पिन म्हणतात. ती मातींत व वंगणांत लपून जाते, आणि ती न काढतांच लोक नटाशीं झुंजतात. कांहीं नटांची कड आंसाच्या खांचेंत ठोकून बसविलेली असते. ती आधीं उचलावी लागते. त्यानंतर तारेच्या ब्रशानें उघडे आटे स्वच्छ करावे, म्हणजे नटास बाहेर येण्याची वाट मोकळी होते. सामान्यतः नटाकडे तोंड करून उभें राहिल्यास घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेनें तो सुटतो. घाईंत उलटाच फिरवून अधिक आवळणारे लोकहि आम्हीं पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट तेलाची. गंज सोडविणारें पातळ तेल नटाच्या दोन्ही कडांस थोडेंथोडें सोडावें, हलक्या हातानें चार-सहा टोले द्यावे, पुन्हा तेल सोडावें, आणि शक्य असेल तर रात्रभर तसेंच राहूं द्यावें. लोणचें मुरण्यास अवधि लागतो, तसाच तेल आट्यांत उतरण्यासहि लागतो. एक खबरदारी मात्र प्राणाइतकी महत्त्वाची आहे: हें तेल ब्रेकच्या शूंवर, डिस्कवर किंवा टायरवर उडतां कामा नये. जवळ फडकें धरावें व उडालेलें तेल तत्काळ पुसून काढावें. नट सुटला आणि ब्रेक गेला, तर तो सौदा फार महाग पडेल.

तिसरी गोष्ट पान्याची. दोन तोंडांचा उघडा पाना किंवा कमी-जास्त होणारा पाना येथें कामाचा नाहीं. तो नटाचे फक्त दोन पैलू धरतो व कोपरे खातो. सहाहि पैलूंवर बसणारा गोटी पाना अथवा रिंग पाना घ्यावा, आणि तो पूर्णपणें आंत बसला आहे याची खात्री करावी. आंसाचें दुसरें टोंक दुसऱ्या पान्यानें धरावें, नाहीं तर नटाबरोबर सगळा आंसच फिरत राहतो. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून मोठा झटका देऊं नये. ती स्टँडवरून उतरून अंगावर येण्याची भीति असते. दोन्ही चाकें जमिनीवर ठेवून, दुसऱ्या माणसास गाडी धरावयास लावून नटाचा पहिला अडसर मोडावा, आणि मग गाडी स्टँडवर घ्यावी. नटाकडे तोंड केल्यावर पान्याची मूठ आपल्या डाव्या बाजूस आडवी यावी व ती खालीं दाबावी. वर ओढूं नये. खालीं दाबतांना अंगाचें वजन उपयोगी पडतें, वर ओढतांना कंबर जाते.

येथें लांब दांड्याची मदत घेण्यास आमची हरकत नाहीं. सोडवितांना दांडा लांब असावा, आवळतांना नसावा, एवढाच भेद लक्षांत ठेवावा. जोर एकदम न देतां संथपणें वाढवीत न्यावा. नट किंचित हालला कीं लगेच पुढें रेटूं नये. पाव फेरा सोडावा, थोडा मागें घ्यावा, पुन्हा तेल द्यावें, आणि असें मागें-पुढें करीत त्यास बाहेर आणावें. एकसारखा रेटीत गेल्यास बिघडलेले आटे एकमेकांत गुंतून चांगला आंसहि खराब होतो.

इतकें करूनहि नट न हालेल तर उष्णतेचा उपाय राहतो. गाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धांव चढवितांना लोहार ती तापवून फुगवितो व बसल्यावर पाणी ओतून आवळतो, हें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. त्याच नियमानें नट बाहेरून तापविला तर तो किंचित फुगून आंसावरील पकड सोडतो. परंतु चाकाजवळ रबराची सीलें, बेअरिंगांतील ग्रीस, टायर व नुकतेंच सोडलेलें तेल असतें, आणि पेट्रोलची टांकीहि फार दूर नसते. म्हणून हा प्रयोग घरीं करूं नये. ज्यास त्याची संवय आहे अशा कारागिराकडेच जावें. आणि शेवटचा उपाय म्हणजे नट एका पैलूवर कापून फोडणें. तो करण्यास लाजूं नये. नट थोड्या पैशांत मिळतो, आंस व बेअरिंगें महाग पडतात. कापतांना आंसाच्या आट्यांस धक्का लागूं दिला नाहीं म्हणजे झालें.

नट निघाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. आटे पुसून नवा नट नुसत्या बोटांनीं शेवटपर्यंत फिरतो कीं नाहीं, हें पाहावें. फिरत नसेल तर आंस बदलावा. आंसाच्या गुळगुळीत भागास ग्रीसचा पातळ हात द्यावा, म्हणजे तो चाकांत गंजून धरणार नाहीं. आट्यांस मात्र गाडीच्या पुस्तकांत सांगितलें असेल तरच तेल लावावें. आवळण्याच्या बळांतील सुमारें निम्में बळ नटाच्या तळाशीं घांसण्यांत व आणखी चाळीसएक टक्के आट्यांच्या घांसण्यांत जातें; आंस ताणण्यास जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आट्यांस तेल लावलें कीं घांसणें कमी होतें, आणि तेवढ्याच जोरानें आंस पुष्कळच अधिक ताणला जातो. नंतर सांखळीचा ताण पाहून दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या कराव्या, ब्रेकच्या झांकणास धरून ठेवणारी पट्टी आठवणीनें जोडावी, पुस्तकांतील मापाइतकाच नट आवळावा, आणि जेथें स्प्लिट पिन असेल तेथें दर वेळीं नवीच घालावी.

यावर कित्येक आक्षेप घेतील. पहिला असा कीं, सैल राहून चाक निघालें तर काय? हा आक्षेप खरा आहे, आणि सैल नटानें जीव जातो हें आम्ही नाकारीत नाहीं. पण सैलपणावरचा उपाय माप व पिन हा आहे, पाईप हा नव्हे. दुसरा आक्षेप असा कीं, जुन्या कारागिराचा हात हेंच माप. अशा हातांस आम्ही आदरानें नमस्कार करतों. परंतु तो हात सकाळीं ताजा व सायंकाळीं थकलेला असतो. आज वीतभर पान्यावर, तर उद्यां हातभर पान्यावर असतो. आणि त्याच्या हाताखालीं नुकत्याच आलेल्या पोरास तर तो हात मुळींच नसतो. तिसरा आक्षेप खर्चाचा. मापाच्या पान्यास कांहीं हजार रुपये पडतात, आणि वर्षांतून दोन-चार वेळां लागणारी वस्तु एकट्या शेतकऱ्यानें घ्यावी हें आम्हांसहि पटत नाहीं.

म्हणूनच आमची सूचना संस्थेस आहे. फवारणीचीं यंत्रें एकत्र घेऊन सभासदांस वापरावयास देण्याची रीत आपल्याकडे नवी नाहीं. त्याच रीतीनें प्रत्येक गांवच्या शाखेनें एक मापाचा पाना, त्यास बसणाऱ्या गोट्या, व गांवांत असलेल्या गाड्यांचे आंकडे लिहिलेला एक तक्ता ठेवावा. पान्याचे नियम थोडके आहेत: टक् असा आवाज होतांच थांबावें, त्यानें नट कधींहि सोडवूं नये, आणि काम संपल्यावर तो सर्वांत खालच्या मापावर आणून ठेवावा. गांवांतील मेकॅनिकासहि तो वापरूं द्यावा. तो आपला शत्रु नव्हे, त्याच्या हातीं माप दिलें तर तोच आपला पहिला साथीदार होईल. पिकाची नोंद जशी सात-बाऱ्यावर असते, तशी गाडीच्या कागदांबरोबर एक लहान वही ठेवून चाक कोणत्या तारखेस उघडलें व नट किती बळानें आवळला, एवढी एक ओळ लिहावी. लिहावें लागतें म्हटलें कीं हातहि जपून चालतो, हें कचेरींतील आमच्या नोकरीचें सार आहे.

तोंवर प्रत्येक सभासदानें निदान एवढें करावें. पुढच्या खेपेस गाडीचें चाक बसवीत असतां तेथेंच उभें राहावें, आणि मेकॅनिकानें पाईप उचलला कीं त्यास विचारावें, "किती आवळणार?" या प्रश्नास आंकड्यानें उत्तर मिळालें तर त्याच्या हातीं गाडी निश्चिंतपणें द्यावी. न मिळालें तर आपल्या गाडीच्या पुस्तकांतील आंकडा त्याच्यापुढें ठेवावा. "अति तेथें माती" ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं उगीच केली नाहीं. ती नटावरहि चालवून पाहावी, एवढीच आमची विनंति आहे.